पर्मनंट व्हायची वाट

चाकणला एका कंपनीच्या गेटवर, पासच्या रांगेत, माझ्या पुढचे दोन कंत्राटी कामगार बोलत होते.

“नवनाथ, वाचलंस का? शरण आलेल्या नक्षलवाद्यांना सरकार नोकऱ्या देतंय. गोळ्या घालायच्या सोडून!”

“पर्मनंट?”

“पर्मनंट. वर घरसुद्धा.”

“बरं करतंय की. गोळ्यांनी काय मिटतंय, चिमाजीराव?”

“आणि आपण? अकरा वर्षं घासतोय इथं. दर सात महिन्यांनी ब्रेक देतात, पर्मनंट होऊ नये म्हणून.”

“तुम्ही कधी सरकारवर बंदूक रोखली?”

“अरे, साधी घोषणा दिली नाही कधी.”

“मग सरकार कशाला विचारतंय तुम्हाला?”

“जातोच आता जंगलात.”

“जा. पण तिथली भरती कंत्राटदारामार्फत नाही ना, तेवढं विचारून घ्या. नाहीतर शरण जायच्या आदल्या दिवशी तो ब्रेक देईल.”