कन्याशाळेच्या खिडक्या जिथल्या तिथे

आदरणीय अध्यक्ष गुणवंतराव, शाळा समितीचे सन्माननीय सभासद, चांद्याचे नागरिक बंधुभगिनींनो आणि टाटपट्टीवर बसलेल्या माझ्या मुलींनो,

माझ्या निवृत्तीसाठी आपण एवढे जमलात, गोड बोललात. माझ्याआधी बोललेल्या बापूजींनी तर मला शांत स्वभावाची म्हटलं! गावात दुसरी कुणी भागीरथाबाई असेल बुवा.

शाळेचं हे घर फार जुनं, सरकारने जतन करायला घेतलेलं. खिडक्या वाळवीने खाल्ल्या, तेव्हा समितीने ठरवलं, नव्या खिडक्या लहान करू, छताजवळ बसवू. कारण काय? तर मुली रस्ता पाहतात! लटारूभाऊ, समितीच्या बैठकीत तुम्हीच म्हणालात ना, "पोरगी बाहेर पाहून राह्यली तं शिकन कवा?" मी विचारलं, "भाऊ, तुमचा पोरगा शाळेत डोळे बांधून बसते का?" तुम्ही रागावलात. आजही रागवा, माझी हरकत नाही.

गफ्फारभाई मिस्त्री गोंधळले. "बाई, मी कोणाचं ऐकू?" म्हटलं, सरकारी नियमाचं ऐका. जतन केलेल्या घराची खिडकी बदलायची तर त्याच जागी, त्याच मापाची, सागवानाचीच. जुनी माणसं जमिनीवर बसत, म्हणून खिडक्या खाली. आमच्या मुलीही जमिनीवरच बसतात. एरवी मला नियम दाखवणारी मंडळी त्या दिवशी सागवानाचा भाव विचारू लागली, आणि खिडक्या जिथल्या तिथे बसल्या. काय मजा आली म्हणून सांगू!

पोंभुर्ण्याची ही रंभा मावशीकडे राहून शिकते. घरच्या आठवणीने शाळा सोडायला निघाली होती. बाजाराच्या दिवशी या खिडकीतून तिला बापाची बैलगाडी दिसू लागली, आणि पोरगी टिकली. आता चौथीत पहिली आली आहे.

आणि काल मला कळलं, मी गेले की या खिडक्यांवर फळ्या ठोकणार. खिळेसुद्धा आणून ठेवलेत! आज पाहुणे येणार म्हणून आतापासूनच सगळ्या बंद. एवढ्या उकाड्यात? कुणाला भिता आपण? चौथीतल्या पोरींना?

अध्यक्षमहाराज, शाल जरा थांबवा. रंभा, ऊठ. सगळ्याजणी उठा गं, उघडा खिडक्या! लटारूभाऊ, थोडे सरका, पोरीला हात पोहोचू द्या. हां, असं.

आता द्या शाल. सन्मानाबद्दल मी आपली मनापासून आभारी आहे. बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. उद्यापासून मी समोरच्या ओट्यावर बसणार आहे. खिळा ठोकायला येणाऱ्याने आधी माझ्याशी बोलावं.