वर केलेला हात

हॅलो?… व्हय, व्हय, लोणावळा. चाँदभाईंचं चिक्कीचं दुकान… न्हाई, शेट बाजारात गेल्यात. मी नथू. गूळ फोडतो हितं… कोन? पुण्याचं वर्तमानपत्र?… व्हय, तुमचं कार्ड आलतं. इब्राहिम पैलवान सकाळधरनं औंढ्यावरनं येऊन बसलाय. बाहीर, बाकड्यावर. धुतलेला फेटा बांधून… बोलावतो की. पर सायेब, आदी माजं ऐका…

अवो ऐका ना. ट्रंक कॉलला तीनच मिनिटं असत्यात म्हनं.

फोटू? हात वर करून?… न्हाई जमायचं. उजवा हात छातीच्या वर जात न्हाई त्याचा. आठ वरसं झाली… तुमच्याच पेपरात आलतं की, एकोणचाळीस साली. 'निखळल्या खांद्याचा वाघ'. उजवा खांदा निखळला, तरी पठ्ठ्यानं डावा हात वर करून हलगी वाढवाय लावली, आन समोरची जोड चीत केली… व्हय, व्हय, तेच कात्रण. चौकटीत लावलंय त्यानं. लांबलांबनं लोकं येत्यात, खांद्याला हात लावून पाया पडत्यात.

ते खोटं हाय सायेब.

न्हाई, जिंकला हे खरं. हात वर केला तेबी खरं… ऐका की. हलगी माजी हुती. आमच्याकडं पैलवानानं हात वर केला की हलगी चढवायची, ही रीत. मी चढवली. पर त्याचं तोंड दिसलं हुतं मला. 'बास कर' म्हनत हुता तो… हलगी थांबली असती तर पंचांनी कुस्ती सोडवली असती. पर लोकं अशी पेटलेली… मी थांबलोच न्हाई.

दुसऱ्या दिशी तुमचा मानूस आला. मीच सांगितलं त्याला, हलगी वाढीव म्हनला म्हून. पेपर रद्दीत जातो वो, कात्रण जात न्हाई.

न्हाई, इब्राहिम त्यावर कदी बोलला न्हाई. येतो, चहा पितो, जातो… आदी पहाटं दारात हाळी मारायचा, 'नथ्या, हलगी तापीव.' त्या हाळीसाठी जीव तुटतो माजा. हलगी खुटीला लावली ती लावलीच.

तवा आता खरं छापा. माज्या नावानं… आँ? त्याचं नाव जाईल?… त्येच तर. म्हून तर आठ वरसं गिळून बसलो…

थांबा. इब्राहिम दारात उभाय… कवापास्नं रं?… समदं ऐकलंस?…

हॅलो, हाय, हाय. छापा म्हनतोय… न्हाई, रागानं न्हाई. म्हनतोय, इतकी लोकं खांद्याला हात लावून गेली, पर दुखलं का म्हून एकानंबी इचारलं न्हाई.

काय?… झाली तीन मिनिटं?… सायेब, त्याला देऊ का फोन… हॅलो?… हॅलो?…

कटला.

ये, बस हितं, पोत्यावर… इब्राहिम, लय दुखलं का रं?