हीटर लावून लग्नाला

ताई : अगं बाई, काटा बघ कुठे चढलाय! लाल रेघेच्याही वर!

धाकटा : मग चालवतेस काय अजून? कडेला घे. एसी घालव. इंजिन बंद कर.

ताई : केलं. कानाशी ओरडू नकोस.

बाबा : पोचलो?

धाकटा : कसले पोचताय बाबा, चढावरच आहोत अजून. गाडीला आधण आलंय.

बाबा : तरीच. मला वाटलं, माझाच चष्मा वाफाळला.

ताई : आज तुमचं लग्न आहे बाबा, आणि तुम्ही मागे डुलक्या काढताय?

बाबा : रात्री डोळ्याला डोळा नव्हता गं. जरा लागत होता, तर ही तापली.

धाकटा : ताई, रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नकोस! उकळतं पाणी तोंडावर उडेल. आधी निवू दे तिला.

ताई : किती वेळ निवायचं? लग्न नोंदायची कचेरी जेवायला उठायच्या आत पोचायचंय. नंबर चुकला तर पुढच्या आठवड्यावर गेलं.

धाकटा : गेल्या आठवड्यात गाडी कोणाकडे होती? तुझ्याकडे. पाणी बघितलंस एकदा तरी?

ताई : आणि त्याच्या आधी तुझ्याकडे होती. बॉनेटमधला फॅन फिरत नाही, हे कळलं नाही तुला? एसी लावला की घरघर यायची, ती गेली कुठे, असं मनात नाही आलं?

धाकटा : घरघर थांबली म्हणून बरं वाटलं होतं मला. या गाडीतला एक आवाज कमी झाला की माझा दिवस छान जातो.

ताई : अर्धी-अर्धी घेऊ म्हणून तूच मागे लागला होतास. छोटी आहे, पेट्रोल कमी पिते, कुठल्याही गल्लीत मावते.

धाकटा : पिते कमीच. खाते किती ते कुणी बोललं नव्हतं! क्लचप्लेट खाल्ली, बॅटरी खाल्ली, पुढचे टायर आतल्या अंगाने कुरतडून खाल्ले. विमा भरून होत नाही तोवर एसीचा गॅस उडालेला. गाडी घेतली स्वस्तातली, आणि लाड करतोय श्रीमंताघरच्या लेकीसारखे.

बाबा : तिला नावं ठेवू नका बरं. माझं तिच्यामुळेच जमलं.

ताई : काय जमलं?

बाबा : लग्न.

ताई : तुम्ही तर म्हणालात, वाचनालयात ओळख झाली.

बाबा : वाचनालय म्हटलं की पुढे कोणी काही विचारत नाही. ओळख गॅरेजात झाली. तुम्ही दोघं कामावर. गाडी दुरुस्तीला न्यायची कोणी? मी रिकामटेकडा. तिथल्या एक पाय हलणाऱ्या बाकावर बसून राहायचो. एक दिवस शेजारी त्या येऊन बसल्या. त्यांचीही हीच गाडी, रंगसुद्धा हाच. दोन्ही गाड्या क्लचप्लेटसाठीच आलेल्या.

धाकटा : म्हणजे क्लचप्लेटचा भुर्दंड आम्हाला, आणि संसार तुम्ही मांडला!

बाबा : नंतर मला स्टिअरिंगमधला खडखडाट ऐकू यायला लागला.

ताई : बाबा! तो खडखडाट नव्हताच?

बाबा : होता, होता. थोडा. मी जरा वाढवून सांगायचो.

धाकटा : आणि मी बिचारा उगाच बिलातला निम्मा वाटा देत बसलो.

ताई : हसलास! कितीतरी दिवसांनी हसलास.

धाकटा : कुठे हसलो? उन्हाने डोळे बारीक झालेत. आणि हे बघ, मी आधीच सांगितलंय. दारापर्यंत सोडतो. आत येणार नाही मी, गाडीपाशीच थांबेन.

ताई : अरे, पण असं काय करतोस...

बाबा : असू दे गं. इथवर आला, हेच खूप झालं.

धाकटा : राग नाही बाबा. खरंच नाही. पण आई जाऊन एवढे दिवस झाले, तरी घरात शिरलो की अजून तिलाच हाक मारतो मी. तोंडून निघूनच जाते.

बाबा : माझ्याही निघते. त्यांना सांगितलंय मी ते. त्या म्हणाल्या, मारा की, मी कुठे अडवतेय.

ताई : बाबा, फोन वाजतोय तुमचा. त्यांचाच असेल.

बाबा : हॅलो... हो हो, निघालोय कधीचे. गाडी तापलीय वाटेत... फॅन फिरत नाही म्हणतात ही पोरं... बरं. देतो. धाकट्या, घे. तुझ्याशी बोलायचंय.

धाकटा : माझ्याशी काय?

बाबा : गाडीबद्दल. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही म्हणतात.

धाकटा : हॅलो... हो, मीच... नाही, झाकण नाही उघडलं... फ्यूज बघितला, तो ठीक आहे... मोटारच गेली? तुमच्याही गाडीची गेली होती?... काय लावू? हीटर? अहो, बाहेर भट्टी पेटलीय नुसती!... हां. हां! इंजिनातली गरमी आत खेचून घेतो तो. बरोबर... एक विचारू? वळताना टकटक येतं का तुमच्या गाडीत?... येतं? आमचा गॅरेजवाला म्हणतो, तुमच्या मनाचे खेळ आहेत!... हो ना, अगदी असंच बोलतो!... नाही, नाही, सांभाळून आणतो त्यांना. ठेवतो.

ताई : काय म्हणाल्या?

धाकटा : एक्सल! टकटक एक्सलची आहे. इतके दिवस वेड्यात काढत होता तो मला.

ताई : अरे, आत्ताचं काय म्हणाल्या?

धाकटा : ते होय. निवलंय आता. फडकं दे, आणि पाण्याच्या सगळ्या बाटल्या दे. हां... भरलं. आता काचा खाली कर आणि हीटर पूर्ण सोड.

बाबा : आणि मी काय करू?

धाकटा : तुम्ही जीव मुठीत धरा.

(गाडी चढावरून हळूहळू निघते.)

बाबा : अगं, शिजलो मी! पायाशी चूल मांडलीय कोणी?

ताई : काटा उतरतोय! बघ, उतरतोय!

धाकटा : तू समोर बघ, काट्याकडे मी बघतो. दुसऱ्या गिअरवरच राहू दे, रेटू नकोस तिला. बाबा, डोकं आत घ्या!

बाबा : आत श्वास घेववत नाही रे.

ताई : आली, आली कचेरी. दार उघडं आहे अजून. आणि त्या बघा, पायरीवर उभ्या आहेत. हात करताहेत.

बाबा : थांब जरा. मी असा उतरू? सदरा पार पाठीला चिकटलाय. लोक म्हणतील, नवरदेव पोहत आला.

ताई : हा रुमाल घ्या, पुसा तरी.

धाकटा : पुसून काय होतंय? ताई, डिकीत माझी पिशवी आहे. ती दे त्यांना.

ताई : हिच्यात तर... अरे, नवाकोरा सदरा! टाचण्यासुद्धा निघालेल्या नाहीत. तू गाडीपाशी थांबणार होतास ना?

धाकटा : बाबा, सरळ उभे राहा. टाचणी टोचेल.

बाबा : बाह्या लांब होताहेत रे मला.

धाकटा : दुमडतो. हलू नका. झालं.

बाबा : आणि तू काय घालून आत येणार?

धाकटा : हाच. ओला तर ओला. चला लवकर, उन्हात उभ्या आहेत त्या.