सड्यावरचा हत्ती

मुश्ताकला गावच्या नव्या घराचं बांधकाम कुठवर आलं म्हणून विचारू नका, भडकतो. का ते सांगतो.

आम्ही दोघं सौदीत नोकरीला. ईदच्या सुट्टीत जुबैलहून गाडी काढून पार हाईलकडे गेलो होतो, कातळावर कोरलेली जुनी चित्रं बघायला. भोवती कुंपण, आत वॉचमन. मुश्ताकने एका उंटावर नुसतं बोट टेकवलं तर तो धावतच आला. "ला, ला! हात नको! हजारो वर्षांचं आहे!"

मुश्ताक हसला. "एवढं काय त्यात? आमच्या रत्नागिरीच्या सड्यावर, उघड्या कातळावर, असाच कोरलेला हत्ती आहे. आम्ही त्याच्यावर आंबोशी वाळवायचो."

बोलता बोलता त्याचं तोंड उतरलं. "अरे, तिथेच धाकट्याला चिऱ्यांची खाण काढायला सांगून बसलोय मी!"

झालं. पुढे एक चित्र धड बघू दिलं नाही. फोनला रेंज नव्हती. "यल्ला, गाडी काढ!" वाटभर फोन हातात धरून चुळबुळत होता. पेट्रोल पंपाशी एकदाची रेंज आली आणि हा ओरडला, "लतीफ, खाण थांबव! तो हत्ती फोडू नको!"

"फोडला कुठे, दादा?" लतीफ आरामात म्हणाला. "मशीनने नीट कापला. चिरे इतके झकास निघाले, म्हटलं बाहेर कशाला विकायचे? तुझ्याच घराला लावले. सोंड किचनमध्ये आहे, शेपूट संडासात."