वितोय, हांका!

चहा घ्या आधी. मुग्धा माझी तक्रार घेऊन येईलच, त्याआधी माझ्याकडून ऐका.

आमच्या इथल्या, आयर्लंडमधल्या रिंगास्किडीच्या औषधांच्या प्लांटमध्ये माझ्या लॅबमध्ये हांका आहे. उत्तर पोलंडची, घरची भाषा काशुबियन. तिने मला 'वितोय' म्हणजे नमस्कार आणि 'याक सा मोश' म्हणजे 'कशी आहेस' एवढं शिकवलं. मीही तिला माझ्या घरचं एक वाक्य शिकवलं, पण चारचौघांत बोलायला ती लाजायची.

एकदा कॅन्टीनमध्ये मी तिला 'वितोय' म्हटलं, तर शेजारच्या टेबलावरचा मारेक हसला. तोही पोलंडचाच. म्हणाला, "ही खेड्यातली बोली कशाला? नीट पोलिश शीक की!"

हांकाने मान खाली घातली. माझं डोकंच फिरलं. मी अकोल्याची, पुण्यात होस्टेलवर चार वर्षं हेच ऐकलंय. दुसऱ्या दिवसापासून मी दारातूनच ओरडायला लागले, "वितोय, हांका!" मारेक कपाळाला हात लावायचा, मी आवाज वाढवायचे.

काल मी आणि आपली पुणेकर मुग्धा नाश्त्याला बसलो होतो. हांका आली आणि अख्ख्या कॅन्टीनसमोर खणखणीत म्हणाली, "कसं काय वं, बरं हाय ना?"

"बरं हाय वं!" मी त्याहून जोरात.

मुग्धा कानाशी कुजबुजली, "अगं, शिकवायचंच होतं तर शुद्ध तरी शिकवायचं!"

मारेकच्या टेबलावर एक खुर्ची रिकामी होती. मी म्हटलं, "मुग्धा, तू तिकडे जाऊन बस. तुमचं दोघांचं छान जमेल."