नेलिदाचा दुसरा निरोप

सन्माननीय ग्रामाध्यक्ष डॉन एलेउतेरियो, व्यासपीठावरच्या पाहुण्या सेन्योरिता रोसियो आणि बाकांवर दाटीवाटीने बसलेल्या माझ्या गावकऱ्यांनो,

तुम्ही विसरलात वाटतं! याच मुलीला याच सभागृहातून, बँड लावून, आपण एकदा निरोप दिलेला आहे. अध्यक्षांचं भाषणही हेच होतं. मी ते पाठ म्हणून दाखवलं असतं, पण माझे गुडघे हा चढ चढत नाहीत. म्हणून घरी बसून सांगते आहे. मास्तरीणबाई लिहून घेताहेत, त्याच वाचतील. बाई, टोमणे गाळायचे नाहीत.

माझी नात नेलिदा ही या गावातून विद्यापीठात गेलेली पहिली. कायदा शिकायला निघाली, आणि बस सुटायच्या आत आपण तिला ‘डॉक्टोरा’ करून टाकलं. वकिलाला डॉक्टोर म्हणायची रीत जुनीच आहे. पहिल्या तासाआधी म्हणायची घाई मात्र आपली. मग कुस्कोला, तिच्या विद्यापीठाच्या शहरात, फोन सुरू. “डॉक्टोरा, शेजाऱ्याने माझा बांध कोरला!” “डॉक्टोरा, जावयाला सोडवा!” झोप लागते का, घास उतरतो का, हे कुणी विचारलं? डॉक्टोरांना कुठे भूक लागते!

पोर नापास झाली. वर्गात छाती धडधडायची, फळा दिसेनासा व्हायचा. इकडे सांगायची, “सगळं उत्तम.” एवढी थोर बाई रडणार तरी कुणाजवळ?

शेवटी घरी आली आणि भिंतीकडे तोंड करून निजली. आपण लगेच ओळखलं, धसका घेतलाय, जीव शहरात राहिलाय, हाक मारून आणला पाहिजे. रीतीप्रमाणे, जीवाला ओळख पटावी म्हणून, तिची टोपी कोकाच्या पवित्र पानांवर ठेवली. हाकेचा मान तिच्या बाप्तिस्म्याच्या धर्मपित्याचा, म्हणजे अध्यक्षांचा. ते खाकरले आणि म्हणाले, “आदरणीय डॉक्टोरा नेलिदा किस्पे, गावाची शान, यावं, यावं!”

आता सांगा, कुठला जीव येईल? त्याला वाटलं असेल, दुसऱ्याच कुणा बाईला बोलावताहेत. अध्यक्षांनी पुन्हा हाक मारली, आणखी एक विशेषण जोडून. इकडे माझं सूप निवत होतं. मी चुलीपासूनच तिच्या लाडाच्या नावाने ओरडले, “नेलिदुचा, ये गं गिळायला!”

पोर उठून बसली. “आजी, मी नापास झालेय गं. मला तिथे फार भीती वाटते.” रडली, आणि मग वाडगंभर सूप प्यायली. जीव परत आला की नुसतीच भूक, ते जाणकारांनी ठरवावं. हे सगळं तिला विचारूनच सांगते आहे.

सेन्योरिता रोसियो विद्यापीठात मुलांचं मन ऐकून घेतात. “वेड्यांची बाई आणली,” असं कुणीतरी कुजबुजलं म्हणे. अहो, टोपीला हाका मारणाऱ्यांनी तरी असं बोलू नये! नेलिदा उद्या परत चालली आहे, कमी विषय घेऊन. दर आठवड्याला या बाईंपाशी बसणार आहे. तिनेच ठरवलंय. नाहीच जमलं तर घरी येईल. तेव्हा बँडही नको आणि सुतकी चेहरेही नकोत.

यापुढे फोन केलात तर नावाने हाक मारा. “जेवलीस का?” विचारा. “नाही” म्हणाली, तर त्या दिवशी तुमचा बांध तसाच राहू द्या.

अध्यक्षांनी सभागृह दिलं, बँडवाल्यांनी आज वाजवलं नाही, दोघांचे आभार. म्हातारीची जीभ कुणाला लागली असेल तर पदरात घ्या. आणि प्राध्यापकांना खूश करायला आपल्या सणासुदीचे भाजलेले गिनीपिग पाठवू नका. नेलिदाच्या खोलीत आणखी एक मुलगी राहते. तिच्या गावाने तिला आत्ताच ‘इंजिनियर’ केलंय, तिलाही घास उतरत नाही. तेव्हा भाजलेला मका आणि चीज बांधा, दोघींना पुरेल एवढं.