आठ महिन्यांनी केलेला फोन

“हॅलो? … हॅलो, बारके, मी टेलरमावशी. चर्चमधली. … हो, हो, तीच. नंबर बदललाय ना माझा. … नाही गं, कुणी गेलंबिलं नाही. सगळे बरे आहेत.”

टेलरमावशी चर्चच्या मागच्या खोलीत एकटीच बसली होती. पुढ्यात पाळकबाईंनी दिलेला कागद होता. सहा महिन्यांत एकदाही उपासनेला न आलेल्या मुलींची नावं. तीन फोन झाले होते. एकीनं परीक्षा सांगितली, एकीनं ताप, तिसरीची उत्तरं तिच्या आईनंच दिली. बारकीचा फोन मावशीनं मुद्दाम शेवटी ठेवला होता.

“वेळ आहे का तुला? … जेवणाची सुट्टी, बरं. … अजून त्याच डोळ्यांच्या दवाखान्यात? … नंबर तपासायचं यंत्र आता तुझ्याच ताब्यात? मग यायलाच हवं मला. हल्ली सुईत दोरा ओवायला शेजारणीला हाक मारते मी. … हो, हो… अगं ऐक ना. … हो, रविवारचंच विचारायला केला. … यादी पाळकबाईंनी दिली, हे खरं आहे. खोटं कशाला बोलू.”

पलीकडचं बोलणं लांबलं. मावशीनं फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

“हं. … हं. … ठाऊक आहे. मी होते ना त्या बैठकीत.”

आठ महिन्यांपूर्वी बारकीनं ठरलेलं लग्न मोडलं होतं. मुलगा चर्चचा कारभार पाहणाऱ्या एका पंचाचा. लग्नानंतर तिनं नोकरी सोडायची, हे त्यानं परस्पर ठरवून टाकलं आणि तिनं नाही म्हटलं. चर्चच्या पुढच्याच बैठकीत कुणीतरी म्हणालं, अशा मुलीच्या हाताखाली आपली लेकरं कशाला. संडे स्कूलचा तिचा वर्ग त्याच दिवशी काढून घेतला गेला. बारकी तेव्हा दाराशीच उभी होती.

“मी काय बोलले? … काहीच नाही बोलले. तू माझ्याकडे बघत होतीस, तेही दिसलं मला. मी मान खाली घालून चहा ढवळत बसले. … साखरही नव्हती गं त्यात. मी साखर घेतच नाही. … का म्हणजे, त्या पंचांच्या घरचे सगळे कपडे माझ्याकडे शिवायला येतात. एवढंच कारण. दुसरं एखादं बरं कारण शोधून पाहिलं, सापडलं नाही. … माझं चुकलं, बारके. यादी हातात आली नसती तर हा फोन केला असता की नाही, तेही मला छातीठोक सांगता येणार नाही.”

बाहेर कुणीतरी बाकं सरकवत होतं.

“आहेस ना? … बरं. … नाही, लगेच ये असं नाही म्हणत. शनिवारी दुपारी माझ्या दुकानात मुली जमतात. पाच-सहाच जणी. थोडं बायबल वाचतो, प्रार्थना करतो. पंचबिंच कुणी नसतं तिथे. एकदा येऊन… का गं, हसतेस का? … काय, तुम्हीही वाचता? … कुठे?”

मावशी खुर्चीत पुढे सरकली.

“गच्चीच्या जिन्यावर? दवाखान्याच्याच? … बुधवारी आणि शुक्रवारी. हं. कोण कोण? … पावत्या फाडणारी, … औषधांच्या दुकानातली, … आणि झाडलोट करणारी. … तिला वाचता येत नाही? मग? … तू वाचतेस, आणि ती ऐकलेलं परत सांगते. … तुझ्याहून नीट सांगते? … असेल, असेल. … कधीपासून हे? … म्हणजे आमच्याकडून गेलीस त्याच महिन्यात.”

मावशीनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. कागदावर बारकीच्या नावापुढे पाळकबाईंच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘विश्वासात थंड’.

“आणि आम्ही इथे दर रविवारी तुझ्यासाठी प्रार्थना करतोय, पोर परत येऊ दे म्हणून. … प्रार्थना चालूच ठेवू? बरं, करत राहते.”

दार ढकलून पाळकबाई आत डोकावल्या. मावशीनं हाताचा पंजा दाखवून त्यांना थांबवलं.

“काय म्हणालीस? … मी? मी तिथे येऊन काय करू? … नाही, नाही, येईन. गुडघे कुरकुरतात, पण चढेन जिना. … शिकवायचं नाही. बरं. … मध्ये बोलायचं नाही. … कळलं, खालच्या पायरीवर बसायचं. … डबा माझा मी आणीन. शुक्रवारी एक वाजता. … हो. आणि त्या दिवसाचं सांगेन मी पंचांना. बैठकीत, सगळ्यांच्या देखत. … तुझा वर्ग परत मागायला नाही गं. माझं मला सांगायचं राहिलंय म्हणून. … ते कपडे दुसरीकडे देतील, दुसरं काय करतील? … जा, जा, रांग लागली असेल.”

येते म्हणते का, असं पाळकबाईंनी हलक्या आवाजात विचारलं. फोन अजून चालू होता. मावशीनं त्यावर हात ठेवला नाही. बारकीलाही ऐकू जाईल अशा बेतानं ती म्हणाली,

“नाही, ती येत नाही. मी जातेय.”

मग तिनं फोन ठेवला.